रोज राग येणारी आई आणि तिच्या चार मुली

'लिटल विमेन' या कादंबरीवर नवा चित्रपट आला की एक जुना वाद नव्यानं सुरू होतो. कादंबरीतल्या ज्योनं, तिच्यावर प्रेम करणाऱ्या लॉरीला लग्नाला नकार का दिला? आपल्याकडेही हा प्रश्न अनेकींनी शाळकरी वयापासून मनात बाळगलेला आहे, कारण शांता शेळके यांनी ही कादंबरी 'चौघीजणी' या नावानं मराठीत आणली आणि मेग, ज्यो, बेथ, ॲमी ही नावं मराठी घरांमध्ये ओळखीची झाली.

पण त्याहून मोठा गोंधळ दुसराच आहे. हे पुस्तक मुलीच्या हातात देताना कोणी म्हणतं, "वाच, चांगले संस्कार आहेत यात." आणि कोणी म्हणतं, "वाच, स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकशील." दोघीही पुस्तक उघडून आपापली पानं दाखवू शकतात. एकाच पुस्तकात या दोन्ही गोष्टी कशा मावतात, ते आज पाहू. माझं मत आधीच सांगून टाकते: या पुस्तकातला 'संस्कार' म्हणजे आज्ञाधारकपणा नव्हे, आणि हे कळायचं असेल तर लॉरीपेक्षा आईकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

गोष्ट काय आहे?

अमेरिकेच्या ईशान्येकडचं मॅसॅच्युसेट्स राज्य. उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू आहे. वडील सैन्यात धर्मोपदेशक म्हणून गेलेले. घरात आई, जिला मुली 'मार्मी' म्हणतात, हॅना नावाची जुनी कामवाली आणि चार बहिणी. सोळा वर्षांची मेग श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवते. पंधरा वर्षांची ज्यो एका तिरसट आत्याआजीची सोबत करते आणि उरलेल्या वेळात माळ्यावर बसून गोष्टी लिहिते. तेरा वर्षांची लाजाळू बेथ घर सांभाळते आणि पियानोवर जीव लावते. बारा वर्षांची ॲमी चित्रं काढते आणि स्वतःच्या नाकावर नाराज असते. शेजारच्या मोठ्या घरात आजोबांबरोबर लॉरी नावाचा एकटा मुलगा राहतो.

लुइसा मे ऑल्कॉट हिनं हे पुस्तक १८६८ मध्ये लिहिलं. पहिला भाग त्याच वर्षी आला, दुसरा १८६९ मध्ये. आज आपण दोन्ही मिळून एकच कादंबरी म्हणून वाचतो.

घर न सोडता मोठं होणं

साहित्याचे अभ्यासक अशा पुस्तकाला 'बिल्डुंग्सरोमान' म्हणतात. शब्द जर्मन आहे, अर्थ साधा: जडणघडणीची कादंबरी. एक कोवळा जीव सुरुवातीला भेटतो आणि शेवटी त्याच्या जागी मोठा माणूस उभा असतो. त्या काळी या प्रकारचा नायक बहुतेक मुलगा असे आणि त्याची वाट ठरलेली असे. तो घर सोडतो, शहरात जातो, फसतो, प्रेमात पडतो, शहाणा होतो.

मुलींना ही वाट बंद होती. मग मुलगी मोठी कशी होणार? ऑल्कॉटचं उत्तर असं की सगळं घरातच घडतं. परीक्षा घ्यायला समुद्र नि रणांगणच लागतं असं नाही, न्याहारीचं टेबलही पुरतं.

आपल्याकडे गावात पोहायला कसं शिकवतात ते आठवा. काही मुलं थेट नदीत उडी मारतात. पण बहुतेकांना विहिरीत उतरवतात. पाठीला भोपळा, कमरेला दोर, आणि काठावर कोणीतरी मोठं माणूस दोराचं टोक धरून उभं. शिकवणाऱ्याचं खरं कसब दोर घट्ट धरण्यात नसतं. पोर गटांगळी खाऊ लागलं तरी किती वेळ ओढायचं नाही, हे कळण्यात असतं. मार्मी ही अशी काठावर उभी असलेली बाई आहे.

एका प्रकरणात तर ती हे मुद्दाम करते. उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि मुली जाहीर करतात की आठवडाभर काम करायचं नाही, नुसती मजा. आई म्हणते, करून बघा. ती भाषण देत नाही. आठवड्याच्या शेवटी ती स्वतःही काम सोडून बसते आणि हॅनालाही सुट्टी देते. मग स्वयंपाक ज्योवर येतो. शतावरी शिजून शिजून कडक होते, स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ पडतं. इथपर्यंत हसू येतं. पण त्याच दिवशी बेथचा पाळलेला कॅनरी पिंजऱ्यात मरून पडलेला सापडतो, कारण त्याला दाणापाणी द्यायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आपण काम सोडलं की कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या दिवशी चौघींना जे कळतं ते दहा व्याख्यानांनी कळलं नसतं.

एक मिनिट कोणीच बोललं नाही

पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग नाताळच्या सकाळचा. वर्षभर काटकसर केलेल्या घरात आज गरम केक, मफिन, साय असा बेत आहे. मुली जवळजवळ तासभर आईची वाट बघत भुकेल्या बसल्या आहेत. आई येते आणि सांगते, जवळच हमेल नावाचं कुटुंब आहे. बाळंतीण आहे, चूल पेटलेली नाही, सहा मुलं थंडीनं गारठू नये म्हणून एकाच बिछान्यात चिकटून पडली आहेत. तुमची न्याहारी त्यांना द्याल का?

पुढचं वाक्य वाचताना मी दर वेळी थांबते. एक मिनिट कोणीच बोलत नाही. लेखिका सांगते, फक्त एकच मिनिट. मग ज्यो उसळून म्हणते, बरं झालं आपण खायला बसण्याआधी तू आलीस.

'संस्कारी' गोष्टींमध्ये ते मिनिट नसतं. तिथली गुणी मुलं ताट उचलून लगेच धावतात. इथे चार भुकेल्या मुली आहेत आणि त्यांना ते अन्न खरोखर हवं आहे. ॲमी नेमके तिचे सर्वांत आवडते पदार्थ उचलून देते, हेही लेखिका आवर्जून नोंदवते. देण्याला काही मोल असेल तर ते त्या मिनिटामुळे आहे. आणि लक्षात घ्या, आई हुकूम करत नाही, विचारते.

आईचा राग

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिथे येऊ.

मेग आणि ज्यो नाटकाला जातात, ॲमीला नेत नाहीत. ॲमी चिडून ज्योच्या गोष्टींची वही आगीत टाकते. काही वर्षांची मेहनत, आणि दुसरी प्रत नाही. ॲमी माफी मागते. ज्यो म्हणते, मी तुला कधीच माफ करणार नाही. दुसऱ्या दिवशी ज्यो आणि लॉरी गोठलेल्या नदीवर स्केटिंगला जातात, ॲमी मागून धावत येते. लॉरी पुढून ओरडून सांगतो की मधला बर्फ पातळ आहे. ज्योला ऐकू येतं. मागच्या ॲमीला ते ऐकू गेलं की नाही, याची ती पर्वा करत नाही. ती गप्प राहते. बर्फ फुटतो आणि ॲमी पाण्यात जाते.

ॲमी वाचते. रात्री ज्यो आईजवळ रडत विचारते, माझ्या या रागाचं मी काय करू? तुझ्यासारखी शांत मी कधी होणार? तेव्हा आई सांगते: मलाही राग येतो. माझ्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक दिवस मला राग येतो. चाळीस वर्षं मी तो घालवायचा प्रयत्न करते आहे, आणि आजवर एवढंच जमलं की तो बाहेर दिसू द्यायचा नाही.

आपल्याकडच्या एखाद्या शांत आजीनं नातीजवळ असं कबूल केलं, तर नातीला काय वाटेल याची कल्पना करा. ज्योला तोवर वाटत होतं की चांगली माणसं जन्मानंच चांगली असतात आणि आपणच बिघडलेल्या आहोत. आई सांगते, तसं नाही. दूध उतू जाणं हा दुधाचा गुण आहे, लक्ष ठेवून उभं राहावं लागतं, आणि मीही रोज उभी असते. या घरातला संस्कार म्हणजे हे: मोठ्यांनी आपली कमजोरी लहानांसमोर खरी सांगणं.

इथे आजची वाचक एक आक्षेप घेते, आणि तो रास्त आहे. आई पुढे कबूल करते की राग अनावर होऊ लागला की नवरा ओठावर बोट ठेवून खूण करायचा आणि ती खोलीबाहेर जायची. बाईच्या रागावर नवऱ्याचं बोट! मलाही हे खटकतं. ती इतकी का चिडते, हा प्रश्न त्या प्रकरणात कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर कादंबरीबाहेर आहे, थोड्या वेळात त्याकडे येऊ.

दोर धरणारं माणूस गावाला गेल्यावर

वडील वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी असल्याची तार येते. आई निघते. प्रवासखर्चाला हातभार म्हणून ज्यो आपले लांबसडक केस विकून २५ डॉलर आणते आणि रात्री गुपचूप त्याच केसांसाठी रडते. आई जाताना बजावते की हमेल कुटुंबाला विसरू नका.

पहिला आठवडा मुली आदर्श वागतात. मग सैल पडतात. बेथ रोज हमेलांकडे जाते आहे. एक दिवस ती म्हणते, आज तुमच्यापैकी कोणी जाल का, बाळ आजारी आहे आणि मला थकल्यासारखं वाटतंय. मेग दमलेली असते. ज्योला सर्दी झालेली असते आणि लिहायचं असतं. ॲमी येईल तेव्हा बघू, असं ठरतं. ॲमी येत नाही. तासाभरानं बेथ मुकाट्यानं टोपी घालून थंडीत निघते. बाळ तिच्या मांडीवर मरतं. ते स्कार्लेट फीवर, म्हणजे एक संसर्गजन्य ताप, असतं. मोठ्या दोघींना तो ताप पूर्वी येऊन गेलेला, त्यांना धोका नव्हता. बेथला होता.

ती त्या वेळी वाचते, पण तब्येत कायमची खचते, आणि दुसऱ्या भागात ती जाते. हे प्रकरण पुस्तकात नसतं तर 'चांगलं वागा, चांगलं होईल' असा सोपा हिशोब उरला असता. इथे सर्वांत चांगली वागणारी मुलगीच मरते आणि बाकीच्यांचा किरकोळ आळस त्याला कारण होतो. मेग-ज्योनं काही पाप केलेलं नाही. आपण सगळे रोज करतो तेवढंच त्यांनी केलं: "बघू नंतर."

पण हे उपदेशाचंच पुस्तक नाही का?

आहे, काही पानं तशी आहेत. काही प्रकरणांच्या शेवटी आई तात्पर्य सांगते आणि ते आज कंटाळवाणं वाटू शकतं. गंमत म्हणजे लेखिकेलाही तसंच वाटलं होतं. मुलींसाठी पुस्तक लिहा, असा आग्रह प्रकाशक टॉमस नाइल्स यांनी धरला होता. पहिली बारा प्रकरणं त्यांना नीरस वाटली आणि ऑल्कॉटनं डायरीत लिहिलं की मलाही तसंच वाटतं. तिनं हेही लिहून ठेवलं आहे की मुली मला फारशा आवडत नाहीत आणि बहिणी सोडल्या तर मी फार मुलींना ओळखतही नाही.

पण उपदेशातलाही एक प्रसंग पाहा. ॲमीच्या शाळेत मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या लिंबांचं वेड पसरलेलं असतं. आपल्या शाळांबाहेर चिंचा-बोरांचं असतं तसंच. मास्तरांनी बंदी घातलेली असताना ॲमी चोवीस लिंबं नेते आणि पकडली जाते. मास्तर तळहातावर छड्या मारतात आणि वर्गासमोर उभी करतात. ती घरी येते. आई काय करते? मुलीचं नाव शाळेतून काढते, कारण मारणं तिला मान्य नाही. आणि त्याच संध्याकाळी मुलीला सांगते की नियम तू मोडलास, शिक्षा व्हायलाच हवी होती, फक्त ही नव्हे. काळ १८६० च्या दशकातला आहे. मास्तर चुकले हेही खरं आणि तू चुकलीस हेही खरं, ही दोन वाक्यं एकाच दमात म्हणणारे पालक आजही शोधावे लागतात.

बाप कुठे आहे?

कादंबरीत वडील जवळजवळ नाहीतच. असतात तेव्हा पुस्तकांच्या खोलीत असतात. त्यांनी मित्राला मदत करताना पैसा गमावला, एवढं एका ओळीत कळतं. आईच्या रागाचं मूळ मला इथे दिसतं.

लुइसाचे वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट तत्त्वज्ञ आणि शिक्षक होते, इमर्सन आणि थोरो या लेखक-विचारवंतांच्या मित्रवर्तुळातले. विचार थोर, मिळकत शून्याजवळ. कुटुंबानं वीसहून जास्त घरं बदलली. १८४३ मध्ये त्यांनी 'फ्रूटलँड्स' नावाची आदर्श वसाहत थाटली. जनावराचं काही खायचं नाही, बैल जुंपायचा नाही, गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून कापूस वापरायचा नाही. तत्त्वं उदात्त होती. पण बार्ली कापून पडली आणि वादळ आलं तेव्हा पुरुष मंडळी विचार मांडायला बाहेरगावी गेलेली होती. आई ॲबिगेल आणि लहान मुलांनी ते धान्य ओढून आत आणलं. वसाहत सुमारे सात महिन्यांत मोडली. लुइसा तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती.

ही आई पुढे बोस्टनमध्ये गरिबांसाठी पगारी काम करून घर चालवत राहिली. लुइसानं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, दुसऱ्यांच्या घरी राबली, टोपणनावानं सनसनाटी कथा लिहिल्या. कादंबरीत वडील युद्धावर जातात. प्रत्यक्षात युद्धावर गेली ती लुइसा, १८६२ च्या अखेरीस, वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात परिचारिका म्हणून. तिला विषमज्वर झाला आणि वडील तिला घ्यायला गेले. त्या आजारात तिचे लांब केस गेले. ज्योचे केस कुठून आले ते आता कळतं.

म्हणून 'कौटुंबिक मूल्यं' हा शब्द या पुस्तकाबद्दल वापरताना मी जरा जपून वापरते. हे घर प्रेमावर चालतं, पण शिजतं ते बायकांच्या श्रमावर, आणि लेखिका ते श्रम पानोपानी मोजून दाखवते. हातमोजे किती डागाळले, रेशमाला किती डॉलर पडले, कथेचे किती मिळाले.

मग लॉरीला नकार का?

दोन उत्तरं आहेत, एक गोष्टीतलं आणि एक गोष्टीबाहेरचं.

गोष्टीतलं उत्तर पुन्हा रागाशीच येऊन भिडतं. ज्यो लॉरीला सांगते की आपण दोघंही तापट, दोघंही हट्टी, एकमेकांना दुःखी करू. ज्या मुलीनं एकदा राग धरून बहिणीला पाण्यात जाऊ दिलं, तिचं हे बोलणं आहे. मैत्रीत असा स्वभाव खपतो, कारण मित्र रात्री आपापल्या घरी जातो.

बाहेरचं उत्तर असं. पहिला भाग आला आणि वाचक मुलींची पत्रं येऊ लागली: पुढे कोणाचं लग्न कोणाशी होणार? ऑल्कॉट डायरीत वैतागून लिहिते की जणू लग्न हेच बाईच्या आयुष्याचं एकमेव ध्येय आहे, आणि कोणाला खूश करायला मी ज्योचं लॉरीशी लग्न लावणार नाही. तिच्या मते ज्योनं अविवाहित लेखिकाच राहायला हवं होतं. पण तसं लिहिण्याइतकी मोकळीक बाजारात नव्हती. मग तिनं मध्यमवयीन, गरीब, जर्मन प्राध्यापक भेअर आणला. स्वप्नातल्या राजपुत्राच्या नेमका उलट.

त्या लग्नाची एक किंमत मला अजून सलते. भेअरला ज्योच्या सनसनाटी कथा हिणकस वाटतात आणि ती त्या जाळून टाकते. म्हणजे वही दुसऱ्यांदा आगीत जाते, या वेळी तिच्याच हातानं. लुइसानं मात्र अशा कथा लिहूनच घरची देणी फेडायला घेतली होती. आणि नाइल्स यांच्या सल्ल्यानं तिनं या कादंबरीचा हक्क एकरकमी विकला नाही, स्वतःकडे ठेवला. प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे पैसे येत राहिले आणि वडिलांचं वर्षानुवर्षांचं कर्ज फिटलं. ज्योच्या हातून जे सुटलं, ते लुइसानं सोडलं नाही.

खऱ्या चौघींचं काय झालं?

मेग म्हणजे थोरली ॲना. तिचा नवरा १८७० मध्ये वारला. बातमी कळली तेव्हा लुइसा युरोपात होती आणि भाच्यांच्या पोटापाण्यासाठी तिनं लगेच पुढचं पुस्तक लिहायला घेतलं. बेथ म्हणजे एलिझाबेथ. ती १८५८ मध्ये २२ व्या वर्षी गेली. चौघींमध्ये फक्त तिचं नाव कादंबरीत जवळजवळ तसंच राहिलं. लुइसानं लग्न केलं नाही. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं स्त्रियांना शालेय समितीसाठी मत द्यायची मुभा दिली, तेव्हा काँकर्ड गावात नाव नोंदवणारी ती पहिली बाई होती.

आणि ॲमी म्हणजे मे. वही जाळणारी म्हणून वाचक तिला कधी माफ करत नाहीत. खरी मे चित्रकार झाली, पॅरिसमध्ये शिकली. १८७७ मध्ये तिचं चित्र तिथल्या सालोन या मानाच्या प्रदर्शनात लागलं. तिचं शिक्षण लुइसाच्या पैशांवर झालं. तिनं युरोपातच लग्न केलं आणि १८७९ च्या डिसेंबरात, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, ती वारली. मुलीचं नाव तिनं बहिणीवरून लुइसा ठेवलं होतं, लाडानं लूलू. बाळ बहिणीकडे पाठवा, ही तिची इच्छा होती.

१८८० च्या सप्टेंबरात लुइसा बोस्टनच्या धक्क्यावर उभी होती. वय ४७, तब्येत ढासळलेली. जहाजातून एकेक मूल उतरताना ती प्रत्येकाकडे बघत होती, आपलं कोणतं म्हणून. शेवटी कप्तान पांढऱ्या कपड्यातलं, पिवळसर केसांचं, दहा महिन्यांचं मूल घेऊन आला. लुइसानं हात पुढे केले, तिला फक्त 'लूलू' एवढंच म्हणता आलं. पोरीनं क्षणभर पाहिलं, मग तिच्याकडे झेपावली आणि म्हणाली, "मार्मार."